९९.३५ टक्के अचूक, पण कोणाच्या बांधीत?

९९.३५ आणि ३१. हे दोन्ही आकडे एकाच शोधनिबंधातले. मोहंती, ह्यूज आणि सलाते या तिघांनी २०१६ साली पानांचे ५४,३०६ फोटो संगणकाला दाखवून पिकांचे रोग ओळखायला शिकवलं. १४ पिकं, २६ रोग. त्याच संचातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर परीक्षा घेतली तेव्हा ९९.३५ टक्के उत्तरं बरोबर आली. इतर ठिकाणांहून मिळवलेले फोटो दिले, तर अचूकता ३१ टक्क्यांच्या जरा वर थांबली. संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. बाहेरच्या फोटोंना ती शिस्त नव्हती.

अंदाजपंचे उत्तर देणाऱ्याला यात तीन टक्केही मिळाले नसते, त्यामुळे ३१ टक्के काही फुकट नाहीत. हा आकडाही संशोधकांनी स्वतःच छापला. पण जाहिरातींमध्ये मिरवतो तो पहिल्या जातीचा आकडा.

आता गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याकडे या. इथलं मुख्य पीक धान. त्या १४ पिकांत सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे, धान नाही. धानाचे फोटो घालून नवं यंत्र शिकवता येतं, आणि तसे प्रयत्न झालेलेही आहेत. अडचण पुढची आहे. धानावरचा तुडतुडा हा किडा बसतो चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत तो दिसतच नाही. चूड फाकवून, वाकून बघावं लागतं. खोडकिडीची अळी तर खोडाच्या आत. तिच्यामुळे पांढरी पडलेली लोंबी फोटोत झकास येते, पण तोवर त्या लोंबीचा दाणा गेलेला असतो. जे कॅमेऱ्यासमोर आलंच नाही ते कोणतंही यंत्र ओळखणार नाही, मग त्याची अचूकता कितीही असो.

समजा, हेही जमलं. असं ओळखणारं ॲप ९५ टक्के अचूक आहे: रोगट बांधी (धानाच्या शेताचा बांधलेला तुकडा) असो की निरोगी, शंभरातल्या ९५ वेळा बरोबर सांगतं. १,००० बांध्यांपैकी रोग आहे फक्त २० मध्ये. ॲप त्यातल्या १९ पकडेल. उरलेल्या ९८० निरोगी बांध्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ बांध्यांनाही ते रोगट म्हणेल. इशारे झाले ६८, खरे १९. ‘९५ टक्के अचूक’ ॲपचा इशारा आला की तो खरा असण्याची शक्यता जेमतेम २८ टक्के! यात गणिताची लबाडी नाही. रोग जितका विरळ, तितके खोटे इशारे जास्त. दर इशाऱ्याला फवारणी केली तर औषध विकणाऱ्याची दिवाळी.

उत्पादनवाढीचे आकडेही असेच उलटून बघावेत. २०१६ मध्ये आंध्रच्या कर्नूल जिल्ह्यात मायक्रोसॉफ्ट आणि इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था यांनी भुईमूग पेरणाऱ्या १७५ शेतकऱ्यांना पेरणीच्या तारखेचे एसएमएस पाठवले. उत्पादन ३० टक्के वाढल्याचं जाहीर झालं. १७५ शेतकरी आणि एका हंगामाचा पाऊस, यावर देशभराचं भाकीत उभं राहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून पिकवलेल्या बारामतीच्या उसाचंही कौतुक झालं, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचा व्हिडिओ टाकला. तिथला वाढीव ऊस किती ठिबकचा, किती खताच्या वेळापत्रकाचा आणि किती कृत्रिम बुद्धिमत्तेचा, हे वेगळं काढल्याशिवाय तिथल्या वाढीचा आकडा पावसाच्या धानाला लावता येत नाही.

पैशाचंही बघू. राज्याच्या २०२५ च्या महाॲग्री-एआय धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी आहेत. रक्कम दणदणीत वाटते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५३ लाख वहितीखातेदार होते आणि सरासरी धारणक्षेत्र होतं १.३४ हेक्टर. भागाकार केला तर खातेदारामागे तीन वर्षांचे मिळून सव्वातीनशे रुपये. हा निधी घरोघर वाटण्यासाठी नाही हे खरं, पण ‘क्रांती’ म्हणताना एवढा भागाकार जवळ असलेला बरा.

सगळंच थोतांड आहे असं मात्र नाही. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना एआयवर बेतलेले मान्सूनच्या आगमनाचे अंदाज एसएमएसनं पाठवले. मान्सून मध्येच रेंगाळला, आणि ते अंदाजात आधीच आलं होतं. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारलं, तेव्हा ३१ ते ५२ टक्क्यांनी पेरणीचा किंवा जमीन तयार करण्याचा बेत बदलल्याचं सांगितलं. फोनवर स्वतःहून सांगितलेली गोष्ट, तेव्हा जरा सावधपणेच घ्यावी. तरी या प्रयोगामागे हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या, आणि अंदाज चुकला असता तर तो सगळ्या शिवाराला दिसला असता.

धानाच्या किडींसाठीही पडताळणीची सोय आहे. राज्यात २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पात माणसं शेतात जाऊन किडी मोजतात, आणि मोजणी आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली तरच फवारणीचा सल्ला जातो. दवनीवाड्यात ॲप विकायला येणाऱ्यानं रोवणीपासून कापणीपर्यंत एक हंगाम याच मोजणीशेजारी, त्याच बांध्यांत आपलं यंत्र चालवावं. किती इशारे खरे, किती खोटे आणि किती किडी नजरेतून सुटल्या, हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले, की मग किमतीचं बोलता येईल.