उताण्या लेकराची चुळबुळ

भोकरकडचं एखादं अपुऱ्या दिवसांचं लेकरू नांदेडला काचेच्या पेटीत राहून घरी आलं, की सगळ्यांचे डोळे वजनकाट्यावर. वजन वाढायला हवंच. पण त्याची चुळबुळही बघावी. ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रेश्टल आणि सहकाऱ्यांनी 1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की या हालचालींवरून मेंदूला झालेल्या इजेचा अंदाज बराच आधी येतो.

साधारण तीन ते पाच महिन्यांच्या बाळाची मान, धड, मनगटं, घोटे सगळीकडे बारीक, गोल-गोल हलत असतात. नाचरी म्हणावी अशी ती हालचाल. ती दिसलीच नाही, किंवा त्याआधीच्या महिन्यांत हातपाय वारंवार एकदम ताठ होऊन एकदमच सैल पडत असले, तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा.

वय मात्र जन्मापासून नव्हे, डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. 32 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे ‘तीन महिने’ जन्मानंतर सुमारे 20 आठवड्यांनी भरतात. इथेच घोळ होतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. कुंची-दुपटं काढून, जागं आणि शांत बाळ उताणं ठेवायचं, खुळखुळा न वाजवता काही मिनिटं मोबाइलवर चित्रण करायचं. निदान मात्र प्रशिक्षित डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनेच करावं. शेजारच्या आजीचं ‘लई शांत लेकरू हाय’ हे काही निदान नव्हे. शंका आली तर आशाताईंना विचारून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची वाट धरावी. चालायला लागेपर्यंत थांबू नये, कारण मेंदू सर्वांत लवचिक असतो तो याच महिन्यांत.