मुदतीआधी सुटलेली खोली

अकरा महिन्यांच्या करारपत्रात लिफ्टचा उल्लेख होता. लिफ्ट, सोसायटीचं पार्किंग, गच्चीचा वापर, आणि बाल्कनीत कुंड्या ठेवायला मनाई. खोली मात्र माजरीतली, टिनाच्या छपराची, एका रांगेतल्या सारख्या खोल्यांपैकी एक. मसुदा कधीतरी कुणीतरी पुण्या-नागपूरकडून आणलेला. टायपिंगवाल्याने त्यात नावं आणि रकमा तेवढ्या बदललेल्या. सही करताना तो कुणीच वाचला नव्हता. वाचायची पाळी आली पाचव्या महिन्यात, किरायेदाराला निघायचं होतं तेव्हा. तो कागद माझ्याकडे आला, कारण अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायचं काम गावात माझ्याकडेच येतं.

माजरी हे भद्रावती तालुक्यातलं कोळशाचं गाव. नागपूर-बल्लारशा मार्गावरचं जंक्शन. वणीकडचा फाटा इथूनच फुटतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं, म्हणजे लोकांच्या तोंडी वेकोलिचं, एक क्षेत्र याच नावाने ओळखलं जातं. वेकोलिच्या कायम कामगाराला क्वार्टर असतं. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, काढायचं काम मात्र टेंडरने खाजगी कंपन्यांकडे जातं. त्यांच्यासोबत झारखंड, बिहार, उत्तर प्रदेशातले ऑपरेटर, हेल्पर आणि मेकॅनिक येतात. गावातल्या किरायाच्या खोल्या बहुतेक यांच्यासाठीच बांधल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या निवृत्तीच्या पैशातून.

आमचा किरायेदार डंपर ऑपरेटर. कंपनीचं इथलं काम संपलं आणि मशिनी सिंगरौलीकडे हलवायचं ठरलं. त्याला दहा दिवसांत तिकडे हजर व्हायचं होतं. बायको, चौथीतली मुलगी, एक कूलर, एक फ्रिज. किराया महिना साडेतीन हजार, अनामत दहा हजार. करारातलं नववं कलम सांगत होतं की पहिले सहा महिने लॉक-इन, त्याआधी खोली सोडली तर उरलेल्या लॉक-इनचा किराया द्यावा लागेल, आणि त्यावर एक महिन्याची लेखी सूचना. हे कलम मी वाचून दाखवलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, की कंपनीने मला एक महिन्याची सूचना कुठे दिली?

आपल्याकडचा भाड्याचा कायदा जवळजवळ सगळा उलट्या काळजीतून घडलेला आहे. मालक किरायेदाराला बाहेर काढेल ही ती काळजी. किरायेदारालाच निघायचं असेल तर काय, यावर कायद्याकडे फारसं बोलण्यासारखं नाही. विदर्भात हा इतिहास मुंबईपेक्षा वेगळा आहे. इथे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश चालायचा. तो लागू असलेल्या शहरांत किरायेदाराला नोटीस द्यायची तर मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. घर रिकामं होणार असं कळलं की सात दिवसांत सरकारला कळवायचं, मग सरकार ते नोकरदाराला किंवा निर्वासिताला देऊ शके. म्हणजे त्या काळी घर सोडणं ही सरकारदरबारी नोंदवायची घटना होती, पण घराची टंचाई होती म्हणून. जाणाऱ्याची चौकशी त्यात नव्हतीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि जुना आदेश गेला. नव्या कायद्याचाही जीव मुख्यतः अनुसूचीतल्या शहरांत आहे.

खेड्यातल्या खोलीसाठी मग हाताशी राहतात इंग्रजी अमदानीतले कायदे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की करारात काही ठरलेलं नसेल तर राहत्या घराचा भाडेपट्टा महिन्याचा धरायचा आणि पंधरा दिवसांच्या सूचनेने तो संपवता येतो. लिव्ह अँड लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे, आणि तिथे कागदात जे लिहिलं तेच खरं. आमच्या कागदात लॉक-इन लिहिलेलं होतं. कागद नोंदवलेला नव्हता. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का, एवढंच. रीतसर नोंदणी केली असती तर मुद्रांक शुल्क बसलं असतं ते एकूण किरायाच्या आणि अनामतीवर धरलेल्या दहा टक्के व्याजाच्या मिळून पाव टक्का, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. ग्रामीण भागातली नोंदणी फी पाचशे. नोटरीचा कागद स्वस्त पडतो अशी एक समजूत आहे. हिशेबाने फरक फारसा पडत नाही, पण ती गावोगाव टिकून आहे.

घरमालकीण काकूंचा पहिला पवित्रा साफ होता. अनामतीतला एक पैसा मिळणार नाही. त्या ओरडल्या नाहीत, बाजेवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. "मी का त्याले जा म्हनलं? थो आपल्या मनानं जाऊन राहिला," एवढंच. रांगेतल्या बाकीच्या खोल्यांतले दोघं आधीच सामान बांधत होते. तिघंही एकाच कंपनीचे.

इथे मला शहरातल्या वकिलांचा नेहमीचा तोडगा अपुरा वाटू लागला. करार कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. करार मोडल्याने झालेलं नुकसान मोजताना, ते कमी करायचे जे मार्ग हाताशी होते तेही जमेस धरायचे. म्हणून पुण्यात किरायेदार लॉक-इनमध्ये निघाला तर त्याचा वकील म्हणतो, दुसरा किरायेदार शोधा, तो आला त्या दिवसापर्यंतचं भाडं आम्ही देऊ. पुण्यात तो पंधरा दिवसांत येतो. माजरीत ज्या कारणाने हा गेला, त्याच कारणाने पुढचाही येत नाही. कंपनी गेली की रांगच्या रांग एकाच आठवड्यात रिकामी होते आणि नवं टेंडर निघून नवी मशिनरी उतरेपर्यंत कुलुपं लटकतात. काकूंचं नुकसान साडेतीन हजारांचं नव्हतं, सहा महिन्यांचंही असू शकत होतं. आणि ऑपरेटरचा दोष शून्य होता. दोघंही बरोबर होते, म्हणूनच भांडण चिवट होतं.

याचा मोठा नमुना याच तालुक्याने पाहिलेला आहे. २४ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने देशातले २०४ कोळसा पट्टे रद्द केले. त्यात भद्रावतीजवळचे बरांजचे, कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचे पट्टेही होते. चालू खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत मिळाली. सहा महिने. खाण चालवणाऱ्यांना मिळालेली सूचना ही अशी; खोल्या देणाऱ्यांना सूचना देण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसणार.

बदलीचा धोका करारातच लिहून ठेवायची पद्धत जगात आहे. सिंगापुरात परदेशी नोकरदारांच्या दोन वर्षांच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ सर्रास असतो. पहिलं वर्ष झालं आणि नोकरी गेली किंवा देशाबाहेर बदली झाली, तर साधारण दोन महिन्यांची सूचना देऊन सुटता येतं. अमेरिकेत सैनिकाला तर २००३ च्या कायद्यानेच हा हक्क आहे. बदलीचा हुकूम जोडून सूचना द्यायची, पुढच्या भाड्याच्या तारखेनंतर तीस दिवसांनी करार संपतो. राजदूताला आणि शिपायाला जे सुचलं ते डंपर ऑपरेटरला कुणी सुचवलं नाही, याला कारण आहे. त्याची बदली ही बदली म्हणून मोजलीच जात नाही. हुकूम नसतो, मुकादमाचा फोन असतो.

तो फोन कागदावर आणायचं काम मी आधी केलं. सूचनेच्या पत्रात काम बंद झाल्याची तारीख, निघायची तारीख, आणि ‘घरमालकांना दिनांक अमुक रोजी प्रत मिळाली’ या ओळीखाली काकूंचा अंगठा नव्हे, सही. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि कुणी स्टॅम्पपॅड पुढे केलं की चिडतात.

मग खोलीची पाहणी. ही मला सगळ्यात आवडते, कारण इथे कलमं संपतात आणि भिंती बोलायला लागतात. खिळ्यांची भोकं, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तेलाचा पट्टा, खिडकीच्या चौकटीत बोटाला लागणारी कोळशाची काळी भुकटी. ती पुसलेली होती, ऑपरेटरच्या बायकोने त्याच सकाळी. आम्ही पाहणी संपवेपर्यंत चौकटीवर परत थर धरला होता. त्यावर वाद झाला नाही. वाद झाला भेगेवर. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून आढ्यापर्यंत तिरपी गेलेली, करंगळीचं नख आत जाईल एवढी. काकू म्हणाल्या, किरायेदार आला तेव्हा नव्हती. ऑपरेटर म्हणाला, ब्लास्टिंगची आहे. शेजारच्या दोन्ही खोल्यांत जाऊन पाहिलं, तर त्याच कोपऱ्यात तशाच भेगा. उघड्या खाणीत दुपारी सुरुंग उडतात तेव्हा रांगेतली भांडी एकदम वाजतात, हे काकूंना सांगायला नको. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात विटा-सिमेंटच्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा ठरवलेली आहे. कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर. हा हादरा मोजणारं यंत्र कुणाच्या दारात नसतं. भाडेपट्ट्याचा कायदा किरायेदाराकडून घर मिळालं तसं परत मागतो, पण नेहमीची झीज आणि न रोखता येणारा आघात सोडून. ऑपरेटरच्या कंपनीचेच सुरुंग असले तरी भेग त्याच्या खात्यात मांडता येत नव्हती. काकूंनी ती सोडून दिली, आणि लगेच खिडकीकडे वळल्या.

खिडकीत कूलर होता. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिना कूलरशिवाय काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याने खिडकीचं एक दार उतरवून बाहेर लोखंडी स्टँड भिंतीत ठोकला होता. स्टँड कुणाचा? कायदा म्हणतो, भाडेकरूने जोडलेली वस्तू ताबा असेपर्यंत त्याला काढून नेता येते, जागा पूर्ववत करून. हा नियम भाडेपट्ट्याचा, लायसन्सचा नव्हे, पण शहाणपणाचा आहे म्हणून मी तो सांगितला. पूर्ववत करायचं म्हणजे चार भोकं सिमेंटने बुजवायची आणि उतरवलेलं दार परत बसवायचं. दार बाजेखाली सापडलं, बिजागऱ्या सापडल्या नाहीत. शेवटी स्टँड भिंतीतच राहिला, बिजागऱ्यांच्या बदल्यात.

अनामतीचा हिशेब असा झाला. चालू महिन्याचा किराया आधीच दिलेला. सूचनेच्या बदल्यात एक महिना, साडेतीन हजार. सबमीटरचे ८६ युनिट, ठरलेल्या दहा रुपयांनी ८६०. उरले ५,६४०. लॉक-इनचं कलम दोघांच्या संमतीने सोडलं, असं मी स्पष्ट लिहिलं, नाहीतर पुढे कुणीतरी तेच उकरून काढतं. हिशेब कबूल झाल्यावर काकू गप्प झाल्या. दहा हजार त्यांच्याकडे नव्हतेच. "डिपाझिट का ठेवूनच राहते का भाऊ? थे तं टिनात गेलं," म्हणाल्या. गेल्या पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलले होते ते याच पैशातून. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं म्हटलं आहे. अनामत घरमालकाने खर्चून टाकलेली असते, या रोजच्या गोष्टीवर मात्र त्या मर्यादेचा इलाज नाही. काकूंनी बचत गटातून तीन हजार उचलले, बाकीचे २,६४० पुढच्या महिन्यात फोनवरून पाठवायचं ठरलं. तारीख टाकून तेही पावतीत घेतलं. त्याला विश्वास नव्हता असं नाही, पण सिंगरौलीहून परत येऊन मागायचे पैसे हे कागदावर असलेले बरे.

खोली सोडायची म्हणजे फक्त मालकाशी मिटवून भागत नाही. गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, तेव्हा तिथली अनामत परत मिळते आणि नव्या गावी जोडणी मिळते. शाळेतून मुलीचा दाखला. वर्षाच्या मधेच कसा देऊ, असं उत्तर मिळालं तर शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम दाखवायचं. दाखला लगेच द्यायचा आहे, आणि तो उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलीला चिंता वेगळी होती. मराठी शाळेत ती पाढ्यांपर्यंत पोचली होती, आता परत हिंदीतून.

छोट्या हत्तीत सामान चढलं तेव्हा काकूंनी मीटरचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेतला. माझ्या पावतीत रीडिंग होतं, तरी.

पुढचा किरायेदार येईल तेव्हासाठी काकूंनी नवा कागद करायला सांगितलं. लिफ्ट, पार्किंग, कुंड्या काढून टाकल्या. नवव्या कलमात मी लिहिलं, की किरायेदाराचं काम कंपनीने बंद केल्यास किंवा जिल्ह्याबाहेर हलवल्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना पुरे, आणि एक महिन्याचा किराया अनामतीतून वळता होईल. स्वतःच्या मर्जीने सोडल्यास दोन महिन्यांचा. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं. मर्जीने जाणारा खोटं बोलला तर, त्यांनी विचारलं. कंपनीचं पत्र किंवा हजेरी कार्डाची प्रत जोडावी, अशी ओळ वाढवली. लॉक-इन राहू द्यायचं की नाही यावर आमचं जमलं नाही. माझ्या मते नको, त्यांच्या मते तीन महिने तरी हवं. तीन महिने लिहिलं.

"आनं कूलरच्या स्टँडचंबी लिवा," त्या म्हणाल्या. "थो आता माहा हाय."