‘एका’ : आवर्तसारणीतलं संस्कृत
रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आपल्या आवर्तसारणीत काही घरं मुद्दाम रिकामी सोडली आणि १८७१मध्ये तिथल्या अज्ञात मूलद्रव्यांना तात्पुरती नावं दिली : एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हा ‘एका’ म्हणजे संस्कृतातला ‘एक’. ओळखीच्या मूलद्रव्यापासून त्याच गटात एक घर पुढे, इतकाच अर्थ. दोन घरं पुढे असेल तर ‘द्वि’.

नावं तात्पुरती, पण भाकितं पक्की. १८७५मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना एका-ॲल्युमिनियम, म्हणजे गॅलियम, सापडलं. त्यांनी मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, तरी त्यांचं म्हणणं ठाम : ती ५.९च्या आसपास हवी. नमुना पुन्हा शुद्ध करून मोजला, आणि तेवढीच भरली! पुढे १८७९मध्ये स्कँडियम (एका-बोरॉन) आणि १८८६मध्ये जर्मेनियम (एका-सिलिकॉन) मिळालं.

पण संस्कृतच का? भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांना यात पाणिनीच्या वर्णमांडणीचा प्रभाव दिसतो. पाणिनीचे जर्मन अभ्यासक ओटो ब्योटलिंक यांनी मेंडेलीव्ह यांच्याच पीटर्सबर्गमध्ये काम केलं होतं. तर्क मोहक खरा, पण तर्कच. कारण काहीही असो, अजून न सापडलेल्या ११९व्या मूलद्रव्याला शास्त्रज्ञ आजही ‘एका-फ्रान्सियम’ म्हणतात.