ज्यांची बखर नव्हती, त्यांची वंशावळ

१ जानेवारी १८५५ या दिवशी स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी निबंधकांच्या हाती दिलेले छापील नमुने इतके सविस्तर होते की, १८५५ सालात वारलेला एखादा पूर्वज हाती लागला म्हणजे तिकडच्या वंशेतिहासाच्या अभ्यासकाला आजही घबाड मिळाल्यासारखे वाटते. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, धंदा आणि आजार एवढ्यावर न भागवता, मृताचा जन्म कोठे झाला, या हद्दीत तो किती काळ राहिला, त्याचे आईबाप कोण, बापाचा धंदा काय, लग्न कोणाशी झाले, मुले किती, जन्मक्रमाने त्यांची नावे कोणती, त्यांतली हयात किती, आणि देह कोणत्या दफनभूमीत ठेवला, हे सारे विचारून लिहून घेतले जाई. जन्माच्या नोंदीतही आईबापांची वये, जन्मगावे, त्यांच्या विवाहाची तारीख व ठिकाण, आणि आधीच्या अपत्यांचा तपशील येई. ज्याने उभ्या जन्मात कागदावर कधी सही केली नसेल असा १७७० च्या सुमारास जन्मलेला शेतमजूर त्या वर्षी वारला, तर त्याच्या मरणाने त्याच्या घराण्याच्या तीन पिढ्या सरकारदप्तरी रुजू होत. निबंधकांना हा व्याप पेलवला नाही. १८५६ पासून कित्येक रकाने गाळले गेले आणि १८६१ मध्ये त्यांतले काही, विशेषतः आईबापांच्या विवाहाची तारीख व ठिकाण, पुन्हा आले. इंग्लंडात नोंदणी १८३७ पासून होती खरी, पण तेथील मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या आईबापांचा उल्लेख नसे. तो स्कॉटलंडने पहिल्या दिवसापासून केला.

जगभर स्कॉटिश वंशाचा विषय निघाला की, लोकांच्या डोळ्यांपुढे पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी वस्त्र, टोळीचा नायक आणि ढालीवरचे कुलचिन्ह एवढेच उभे राहते, आणि एडिंबरोच्या बाजारात कोणत्याही आडनावाला साजेसे वस्त्र व चिन्ह विकत मिळते, याचा मला मनापासून विषाद वाटतो. स्कॉटलंडच्या कायद्याने कुलचिन्ह सबंध आडनावाचे नसते, ते एका व्यक्तीचे व तिच्या विधिवत वारसाचे असते, आणि त्यासाठी १६७२ पासून स्वतंत्र सरकारी नोंदवही आहे. आडनावाचा पुरावाही फार दूर नेत नाही, कारण कित्येक कुळे ज्या नायकाच्या जमिनीवर राहत, त्याचेच नाव त्यांनी धारण केले. मॅकग्रेगर हे नाव तर सहाव्या जेम्सच्या अमलात १६०३ मध्ये कायद्याने निषिद्ध ठरले, मध्यंतरी ते बंधन उठले व पुन्हा बसले, आणि कायमचे हटले ते १७७४ मध्ये. तोवर त्या लोकांनी कॅम्बेल, मरे, ड्रमंड अशी नावे घेऊन दिवस काढले. जमीनदारांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मिळकतींच्या हस्तांतराचे दप्तर १६१७ पासून अखंड आहे. प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे जमीन, चिन्ह वा नायकाशी नाते यांपैकी काहीच नव्हते त्यांचा, म्हणजे विणकर, कोळी, नांगरे आणि मोलकरणी यांचा.

१८५५ पूर्वीचा आधार म्हणजे राष्ट्रीय चर्चच्या पॅरिशांच्या, म्हणजे गावोगावच्या धर्महद्दींच्या, जुन्या नोंदवह्या. नऊशेंहून अधिक पॅरिशांच्या मिळून सुमारे साडेतीन हजार वह्या आज एडिंबरोत जमा आहेत, आणि त्यांतली सर्वांत जुनी, पर्थशायरमधील एरल या गावची, १५५३ पासूनची आहे. पण ‘साडेतीन हजार’ या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी जन्माऐवजी बाप्तिस्म्याची आणि विवाहाऐवजी विवाहाच्या चर्चमधील पुकाऱ्याची नोंद आढळते. ती करण्यास शुल्क पडे, म्हणून गरीब माणूस टाळाटाळ करी. त्यात १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसवला, तो १७९४ पर्यंत चालला, आणि त्या अकरा वर्षांत कित्येक वह्यांतील ओळी विरळ झालेल्या दिसतात. शिवाय कॅथलिक, एपिस्कोपल आणि राष्ट्रीय चर्चपासून फुटून निघालेले पंथ यांची मुले या वह्यांत सापडतीलच असे नाही. १८४३ मध्ये टॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेंच्या आसपास धर्मोपदेशक राष्ट्रीय चर्च सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ निराळे झाले, तेव्हा एकाच गावच्या दोन भावांची मुले दोन वेगळ्या वह्यांत विभागली गेली.

मृतांची नोंद तर बहुधा ठेवलीच जात नसे. ती शोधायची तर चर्चच्या हिशेबात शिरावे लागते. प्रेतपेटीवर पसरण्याचे काळे वस्त्र, ‘मॉर्टक्लॉथ’, बहुधा मखमलीचे असे आणि ते चर्चच्या पंचायतीच्या मालकीचे असे. अंत्यविधीसाठी ते भाड्याने द्यावयाचे आणि आलेले भाडे गावच्या गरिबांच्या निधीत घालावयाचे, अशी वहिवाट होती. चांगल्या वस्त्राचा दर जास्त, साध्याचा कमी, लहान मुलासाठी आखूड वस्त्र निराळे. ज्या गावात दफनाची एकही वही नाही तेथे खजिनदाराने लिहिलेली ‘अमुक याच्या पत्नीसाठी वस्त्र, इतके शिलिंग’ ही ओळ हाच त्या बाईच्या मृत्यूचा एकमेव दस्तऐवज असतो. जमाखर्च चोख ठेवणाऱ्या त्या खजिनदाराला आपण इतिहास लिहीत आहोत याची सुतराम कल्पना नसणार.

‘किर्क सेशन’ नावाची ही पंचायत, म्हणजे उपदेशक आणि गावचे वडीलधारे पंच, यांच्याकडे दानधर्माबरोबर नीतीचाही कारभार असे. लग्नाआधी गर्भ राहिला तर त्या मुलीला समोर बोलावून बापाचे नाव विचारत, त्याला हजर करत, दोघांच्या जबान्या लिहून घेत, आणि प्रायश्चित्त म्हणून रविवारी सर्व मंडळींसमक्ष वेगळ्या आसनावर बसवीत. त्या मुलीच्या वाट्याला आलेला अपमान वाचताना मन उद्विग्न होते. पण तिच्या अपत्याचा बाप कोण हे त्या कज्जाच्या टिपणाखेरीज पुष्कळदा कोठेच लिहिलेले नसते. ईशान्येकडील ॲबरडीन व बॅन्फ या परगण्यांत तर हे साधन अपरिहार्यच होते, कारण एकोणिसाव्या शतकात विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण ज्या भागांत देशात सर्वाधिक भरले त्यांत हे परगणे होते. याचे कारण तेथील शेतीच्या रचनेत आहे. अविवाहित गडी सहा महिन्यांच्या कराराने चाकरीस राहत. मेअखेर आणि नोव्हेंबरअखेर मजुरीचे बाजार भरत, तेथे नवा मालक ठरे, आणि गडी आपली पेटी उचलून दुसऱ्या गावी जाई. विवाहित गड्याचा करार वर्षाचा असे. साहजिकच एकाच जोडप्याची पाच मुले पाच पॅरिशांत जन्मलेली आढळतात, आणि बाप कोठला या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी बाजार कोणत्या गावी भरे व तेथून गडी कोणत्या दिशेला जात, हे ठाऊक असावे लागते. १८५५ नंतर अशा अपत्याच्या नोंदीत बापाचे नाव केव्हा येई? तो स्वतः निबंधकापुढे येऊन सही करील तेव्हाच. आईने शेरीफच्या न्यायालयात दावा लावून पितृत्व सिद्ध केले तर ते दुरुस्त्यांच्या निराळ्या वहीत चढे आणि मूळ नोंदीच्या समासात तिचा हवाला दिला जाई. समासातील त्या दोन शब्दांकडे नवख्याचे लक्ष जात नाही. जाणकार प्रथम तेच पाहतो.

स्कॉटलंडच्या दप्तराचा आणखी एक गुण मला विशेष मोलाचा वाटतो. तेथे विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कागदोपत्री पुसले जात नसे. मृत्यूची नोंद, मृत्युपत्र, थडगे, सर्वत्र ती आपल्या जन्मनावाने, अमक्याची पत्नी वा विधवा म्हणून, उभी असते. आपल्या कुलवृत्तांतांतील वंशवृक्षांत पुरुषांच्या सात-सात पिढ्या मांडलेल्या असतात आणि मुलींचा वंश पुढे जात नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या फरकाचे महत्त्व सांगावयास नको. मुलांची नावे ठेवण्याचाही तेथे संकेत होता. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. हा संकेत नेहमी पाळला गेला असे नाही, तरी पुरावा तुटतो तेथे तो दिशा दाखवतो. मात्र याच संकेतामुळे एका गावात एकाच नावाची डझनभर चुलतभावंडे निपजत. बकीसारख्या कोळी बंदरात काउवी आणि स्मिथ, फिंडॉक्टीत फ्लेट, अशी मोजकी आडनावे सगळ्या गावाला पुरत, म्हणून ‘टी-नेम’ नावाचे टोपणनाव वंशपरंपरेने चाले, आणि ते होडीच्या नोंदीत, मतदारयादीत, प्रसंगी थडग्यावरही लिहिले जाई. ही टोपणनावे कोणत्या घराची हे एडिंबरोतल्या कारकुनाला कळणे शक्य नाही.

येथेच स्थानिक संस्थांचे कार्य सुरू होते. एडिंबरोत स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटी १९५३ मध्ये निघाली. ग्लासगो व पश्चिम स्कॉटलंडची संस्था १९७७ मध्ये आणि ॲबरडीन व ईशान्य स्कॉटलंडची १९७८ मध्ये. पुढे परगण्यापरगण्यांत संस्था उभ्या राहिल्या आणि १९८६ मध्ये त्यांचा संघ झाला. शिक्षक, परिचारिका, बँकेतले निवृत्त कारकून अशा मंडळींनी वर्गणी आणि स्वतःचे श्रम यांवर ही कामे चालवली. त्यांचे सर्वांत मोठे काम थडग्यांवरील लेखांचे. एडिंबरोच्या संस्थेसाठी जॉन फाउलर मिचेल आणि शीला मिचेल या दांपत्याने परगण्यामागून परगण्यातील १८५५ पूर्वीचे लेख टिपून त्यांचे खंड सिद्ध केले. ॲबरडीनच्या संस्थेने ॲबरडीन, बॅन्फ, किंकार्डिन व मोरे या जुन्या परगण्यांतील दफनभूमींच्या पुस्तिका एकेक करून छापल्या.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम दफनभूमीचा नकाशा काढून प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावयाचा. मग कडेने पडणाऱ्या उन्हात, सकाळी वा कलत्या दुपारी, अक्षरांच्या खाचांत सावली भरते तेव्हा वाचावयाचे; ऊन नसेल तर आरशाने बाजूने प्रकाश पाडावयाचा. तारेचा ब्रश किंवा खडू वर्ज्य, कारण वालुकाश्माचा पापुद्रा त्यानेच सुटतो. कित्येक आडवे दगड गवताच्या थराखाली गेलेले असतात. स्थानिक परिषदेची परवानगी काढून तो थर उचलावयाचा, लेख टिपावयाचा आणि थर पूर्ववत बसवावयाचा. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने स्वतंत्रपणे रुजुवात घ्यावी. अठराव्या शतकातल्या दगडावर पुष्कळदा नाव नसतेच, नवराबायकोची आद्याक्षरे आणि धंद्याची खूण तेवढी असते: विणकराचा धोटा, नांगऱ्याचा फाळ, लोहाराचा मुकुटाखालचा हातोडा. बायकोची आद्याक्षरे तिच्या माहेरच्या आडनावाची असल्यामुळे दोन अक्षरांवरून विवाहाची नोंद हुडकता येते. ग्रॅनाइटवरची अक्षरे टिकतात, वालुकाश्मावरची प्रत्येक हिवाळ्यात थोडी गळतात. म्हणून अनेक लेख आज केवळ या पुस्तिकांतच शिल्लक आहेत.

एडिंबरोच्या न्यू रजिस्टर हाउसमध्ये रॉबर्ट मॅथेसन यांनी बांधलेल्या घुमटाखाली मजल्यावर मजला चढलेली कपाटे आहेत; त्यांत जन्माच्या वह्या तांबड्या, मृत्यूच्या काळ्या आणि विवाहाच्या हिरव्या बांधणीच्या. आज त्या सर्वांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. २०२१ पासून किर्क सेशनची बाडेही तशीच खुली झाली. जन्माची नोंद शंभर, विवाहाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षे उलटल्यावर घरबसल्या मिळते. त्यामुळे स्थानिक संस्थांची गरज संपली असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. न्यूझीलंडमधील ओटागोहून किंवा कॅनडातील नोव्हा स्कोशियाहून पूर्वजांच्या शोधात असलेल्या माणसाला एकाच नावाचे तीन बाप्तिस्मे सापडतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवण्यास जुन्या वाड्यावस्त्यांची नावे, कोळ्यांची टोपणनावे आणि मजुरीच्या बाजारांच्या वाटा जाणणारा माणूस लागतो. चुकीच्या पूर्वजाला आपला म्हणणाऱ्या शेकडो वंशावळी आज जगभर फिरत आहेत.

या दप्तराशी आपलाही धागा आहे. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध करणारे जेम्स ग्रँट डफ बॅन्फ गावचे. साताऱ्यातील नोकरीवरून परतल्यावर आईकडून आलेल्या ईडन या मिळकतीमुळे त्यांनी डफ हे नाव जोडले, आणि थोरल्या मुलाचे नाव कुटुंबाचा संकेत सोडून मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून ठेवले. विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन लॉडरचे. १८४३ च्या फुटीत ते फ्री चर्चकडे गेले आणि मुंबईतल्या मिशनचीही दोन शकले झाली. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील दफनभूमींत ‘मुंबईस निवर्तला’ एवढेच ज्याच्याविषयी कोरलेले आहे असा मुलगा शोधावयाचा, तर मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत पाहाव्या लागतात. उलट दिशेनेही हा रस्ता चालू आहे. मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ फ्री चर्चच्या आश्रयाने बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. मुंबई, पुणे, जालना येथे स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या हकीकती उपदेशकांच्या पत्रांतून व अहवालांतून एडिंबरोला गेल्या, आणि त्या मिशनचे कागद आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ॲबरडीनच्या मंडळींनी नांगऱ्यांसाठी जे केले ते या कुटुंबांसाठी कोणी करू पाहील, तर त्याने इकडच्या चर्चांतील वह्या आणि दफनभूमींतील मराठी लेख आधी टिपून घ्यावेत, आणि मग एडिंबरोतील कागदांशी त्यांचा मेळ घालावा.