शुश्रूषेचे धडे : भाग ७
न दुखणारा पाय

मागच्या दोन लेखांत आपण दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या रुग्णांची काळजी पाहिली. न दिसणाऱ्याला कुणीतरी रस्ता ओलांडून देतं, कमी ऐकू येणाऱ्याशी चार माणसं आवाज चढवून बोलतात. आजची उणीव मात्र इतरांना दिसत नाही आणि पुष्कळदा रुग्णालाही तिचा पत्ता नसतो. ती म्हणजे स्पर्श आणि वेदना न कळणं.

मधुमेहाच्या ओपीडीत हे दृश्य नेहमीचं. सत्तरीचे आजोबा स्टुलावर पाय ठेवून बसलेत. सिस्टरच्या हातात दांडीला बसवलेला नायलॉनचा एक जाड धागा. "आजोबा, डोळे मिटा. तळव्याला काही लागलं की 'हो' म्हणा." ती धाग्याचं टोक अंगठ्याला टेकवते, धागा वाकेपर्यंत दाबते आणि उचलते. मग चवड्यावर तीन ठिकाणी, मग दुसरा पाय. आजोबा गप्प. थोड्या वेळाने डोळे मिटलेलेच ठेवून ते विचारतात, "सिस्टर, सुरू कधी करताय?"

तपासणी तोवर संपलेली असते.

या धाग्याला मोनोफिलामेंट म्हणतात. १० ग्रॅम जोर पडला की तो वाकतो. एवढा दाबही कळत नसेल, तर पायाला जपणारी संवेदना गेली असं समजायचं. कुष्ठरोगाच्या कामात आरोग्य कर्मचारी हीच परीक्षा साध्या बॉलपेनच्या टोकाने घेतात. रुग्णाने डोळे मिटून, जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायचं.

मधुमेहात सगळ्यात लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या, रात्रीची आग. मग रुग्ण सांगतात, "गादीवर चालल्यासारखं वाटतं," किंवा "चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही." पुढे एक दिवस मुंग्याही थांबतात आणि घरचे म्हणतात, बरं झालं, औषध लागू पडलं. ते नेहमीच खरं नसतं. पाय बरा झालेला नसतो, मुका झालेला असतो. त्याच तंतूंबरोबर घामही आटतो; कातडी कोरडी पडते आणि टाचेला पडलेल्या भेगा खोल जातात.

वेदना गेली की काय होतं, हे जगाला नीट समजावलं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले ब्रँड १९४६मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप झडतात, अशी तेव्हाची समजूत होती. एकदा एका कोठीचं गंजलेलं कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. एका लहान रुग्णाने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. ब्रँडना त्याच्या ताकदीचं नवल वाटलं, तेवढ्यात जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं देण्यात आली! बोटं रोगाने झडत नव्हती. न कळलेल्या आणि म्हणून न जपलेल्या जखमा ती खात होत्या.

कुष्ठरोगावर १९८१पासून बहुविध औषधोपचार आहे. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो आणि जंतू मरतात. पण उपचाराआधीच मेलेला मज्जातंतू सहसा परत जागा होत नाही. म्हणून रोगमुक्त झालेल्या माणसालाही हातपाय जन्मभर जपावे लागतात.

जपायचं कसं? वेदनेचं काम डोळ्यांकडे सोपवायचं. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून, उजेडात तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. फोड, चीर, लाली, सूज शोधायची. घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर आत रक्त साकळलं आहे, असं धरून दवाखाना गाठायचा. हाताचा मागचा भाग दोन्ही तळव्यांना लावून पाहायचा. एकच जागा गरम लागली तर आत दाह सुरू आहे. कोरड्या टाचांना तेल किंवा मलम लावावं, बेचक्यांत नाही. आणि कुरूप घरी ब्लेडने कापू नये.

आपल्याकडे चटक्यांची ठिकाणंही ठरलेली: आंघोळीचं कढत पाणी, मोटारसायकलचा सायलेन्सर, उन्हाळ्यात देवळाची तापलेली फरशी, थंडीतली शेकोटी. पाणी पायाने अजमावू नये. कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने अजमावावं. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम किंवा अनवाणी वारी बधिर पायांना परवडत नाही. वारी जरूर करा, पायात चप्पल घालून करा. ती मऊ तळाची आणि मागे पट्टा असलेली हवी, आणि घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहायला हवा.

वॉर्डातही हाच धोका असतो. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिलेल्या बाईचे पाय काही तास तिचे नसतात. "पाय गार पडलेत" म्हणून मायेने ठेवलेली गरम पाण्याची पिशवी तिला भाजते आणि ती हूं की चूं करत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचा हात कुशीखाली मुडपून तासभर तसाच राहतो. म्हणून कूस बदलताना हात कुठे आहे, चादरीला सुरकुती आहे का, नळी अंगाखाली दबली आहे का, हे सिस्टर हाताने चाचपून पाहते.

इतकी वर्षं हे काम करताना मला ड्रेसिंग कधी अवघड वाटलं नाही. अवघड असतं ते जखमेवर विश्वास बसवणं. आपल्याला काटा रुतला तर आपण लंगडतो, म्हणजे जखमेला विश्रांती देतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, तो जखमेवर पूर्ण भार टाकून बाजारात जाऊन येतो आणि म्हणतो, "दुखत नाही, मग कशाला पडून राहू?" तिथे मलमांची नावं सांगून उपयोग नसतो. मी त्याचाच पाय आरशात दाखवते, त्याच्याच हाताने पट्टी सोडायला लावते. स्वतःचं रक्त पाहिलं की माणूस जखम मानू लागतो.

घरात मधुमेहाचं कुणी असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांना म्हणा, "पाय इकडे करा बरं." संकोचतील, "पाय काय बघतेस!" म्हणतील. तरीही तळवा उलटा करून उजेडात धरा. दुखतंय का, हे विचारू नका; स्वतः पाहा.

(पुढील आठवड्यात : चव आणि वास हरवलेल्या रुग्णाचं जेवण)