जुने घर, विजेचे बिल आणि सरकारी अनुदान

स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली दोन वर्षे वस्तीतील लोक एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, "साहेब, घरावर सोलर बसवायला सरकार पैसे देते म्हणतात, ते खरे का?" मी बँकेतला साधा कारकून, विजेचा जाणकार नव्हे. परंतु अनुदानाची रक्कम शेवटी बँकेच्या खात्यातच येते, आणि ज्यांची येत नाही तेही बँकेतच विचारायला येतात. शिवाय मी स्वतः या वाटेने गेलो आहे व ठेचकाळलोही आहे.

आमचे घर भुसावळचे. आजोबांनी बांधलेले, मातीच्या जाड भिंती, वर टिनाचे पत्रे; एका खोलीवर तेवढा 2006 साली स्लॅब टाकला. मे महिन्यात पत्रे असे तापतात की पंखा गरम हवाच खाली ढकलतो. मग कूलर येतो आणि बिल वाढते.

अशा घराचे पत्रे बदलायला किंवा जुने पंखे काढायला थेट अनुदान मिळेल काय, हे मी पुष्कळ शोधले. चालू घराच्या अशा दुरुस्तीसाठी आपल्याकडे काही हाती लागले नाही. घर कच्चेच असेल आणि पक्के बांधायचे असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. पण ती नव्या घरकुलाची गोष्ट झाली. राहत्या घराचे बिल कमी करण्यासाठी जे खरोखर मिळते ते छतावरील सौरसंयंत्राला. म्हणून गळती आपण आपल्या खर्चाने थांबवायची आणि सौरसंयंत्रासाठी सरकारकडे जायचे, असा क्रम मी धरला.

गळतीचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. जुना पंखा साधारण 75 वॅटचा. असे चार पंखे रोज दहा तास चालले तर 3 युनिट, म्हणजे महिन्याला 90. नवे बीएलडीसी पंखे सुमारे 30 वॅटचे. तेवढ्याच वापराला महिन्याला 36 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतरचे युनिट बरेच महाग पडते, त्यामुळे वाचलेली 54 युनिटे त्या महागड्या टप्प्यातली असतील तर फरक लगेच दिसतो. स्लॅबला व पत्र्यांना वरून पांढरा रंग दिला तरी खोली काही प्रमाणात कमी तापते. हे आधी करावे, म्हणजे संयंत्र लहान पुरते.

आता अनुदानाकडे वळू. केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. त्याहून मोठे संयंत्र बसवले तरी आकडा तोच. एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला 100 ते 120 युनिट वीज मिळते. घर स्वतःचे हवे, वीजजोडणी हवी, व पूर्वी सौर अनुदान घेतलेले नसावे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा, नोंदणीला फी नाही. पुरवठादार पोर्टलवरील नोंदणीकृत यादीतूनच निवडावा, आणि पॅनेल भारतीय बनावटीचे असल्याची खात्री करावी, कारण त्याशिवाय अनुदान नाही. संयंत्र बसून नेट मीटर लागला व तपासणी झाली की मगच रक्कम खात्यात येते. म्हणजे पैसे आधी आपण उभे करायचे. त्यासाठी तीन किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. कोणी दारात येऊन "अनुदान मिळवून देतो, ओटीपी सांगा" म्हणाला, तर त्याला पाणी पाजून परत पाठवावे.

ज्यांचा वापर दरमहा 100 युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने 2025 साली 'स्मार्ट' नावाची योजना आणली, पाच लाख ग्राहकांपुरती. एक किलोवॅटचा खर्च सुमारे 50,000 धरला आहे. केंद्राच्या 30,000 वर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 17,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000 आणि इतरांना 10,000. म्हणजे आपल्यापैकी अनेकांना पदरचे अडीच ते पाच हजारच घालावे लागतात. माझ्यासारख्या नोकरदाराचे बिल यात बसत नाही, आणि बसू नये हेच योग्य. मात्र जातीचा दाखला तयार हवा. 1990 च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, तरी कित्येक घरांत वडीलधाऱ्यांच्या नावाचा दाखला अद्याप काढलेलाच नाही, आणि बिल तर त्यांच्याच नावाचे असते.

खरी अडचण इथेच आहे. बिलावरचे नाव, घराच्या कागदावरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एक पाहिजे. काउंटरवर बसून नावातल्या एका अक्षरासाठी मी लोकांचे अर्ज परत केले आहेत. 2024 च्या जूनमध्ये स्वतःचा अर्ज भरायला बसलो तेव्हा पाहिले, आमचे बिल अजून आजोबांच्या नावाने! त्यांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती. दर महिन्याला बिल मीच भरत होतो, पण नाव कधी वाचलेच नव्हते.

नाव बदलायला मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि सर्व वारसांचे संमतीपत्र मागितले. वारस म्हणजे दोन काका, कल्याणची आत्या आणि माझी आई. आत्याने लगेच सही केली. मोठ्या काकांनी कागद दोन वेळा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू." दिवाळीपर्यंत ते "बघू"च म्हणत राहिले. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? पुढे धाकट्या काकांकडून कळले की मीटर पुतण्याच्या नावावर गेला की घरही गेले, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांचे भय अगदीच अनाठायी नव्हते, असे कागद करून भावाभावांना बाहेर काढल्याची उदाहरणे वस्तीत आहेत.

मग मी त्यांच्याजवळ बसून समजावले. विजेचे बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. मालकी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, गावाकडे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर व वारसनोंदीवर पाहिली जाते. तरीही संमतीपत्रात मी एक ओळ जास्तीची घातली, "ही संमती केवळ वीजजोडणीच्या नावापुरती असून घरातील हक्कास बाधा येत नाही." ती ओळ वाचून काकांनी सही केली. माझी सूचना अशी की ती ओळ प्रथमपासूनच घालावी आणि कागदाची एक प्रत सही करणाऱ्याच्या हातात द्यावी.

नाव बदलून आल्यावर बाकीचे काम मात्र सुरळीत झाले. दोन किलोवॅटचे संयंत्र स्लॅबवर मावले, 60,000 खात्यात जमा झाले. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. आणखी एक गोष्ट पुरवठादार सहसा सांगत नाही. बॅटरी नसलेल्या या संयंत्राची वीज लाइन गेली की बंद होते, भर उन्हातसुद्धा. पहिल्याच आठवड्यात लाइन गेली तेव्हा मोठे काका अंगणातून ओरडले, "अरे, एवढे पैसे घातले आणि पंखा बंदच?" आता त्यांच्या घराचे बिल पाहिले तर तेही आजोबांच्याच नावाने आहे. संमतीपत्र लिहायला त्यांनी मला येत्या रविवारी बोलावले आहे.