न दिसणारे वाचक

१५ ऑक्टोबर जवळ आला की मला भाषणाचे बोलावणे येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो आणि अकोटसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचा निवृत्त शिक्षक, त्यातून वाचनालयाच्या कार्यकारिणीतला माणूस, या कामाला अगदी सोयीचा असतो. भाषणही ठरलेले. लहानपणी एकेका पुस्तकासाठी केलेली पायपीट, कंदिलाच्या उजेडात वाचलेल्या कादंबऱ्या आणि शेवटी मोबाइल. 'या वीतभर यंत्राने आपले वाचन गिळले', या वाक्याला हमखास टाळ्या पडत.

तीन वर्षांपूर्वी असेच भाषण करून, शाल-नारळ घेऊन घरी आलो. रात्री एकच्या सुमारास जाग आली. पाहतो तो पलीकडच्या खाटेवर पांघरुणाआड निळसर उजेड. मी जरा चिडूनच म्हणालो, "एवढ्या रात्री काय बघत बसलीस?"

"बघत नाही. वाचतेय," बायको म्हणाली.

ती कादंबरी वाचत होती. चांगली जाडजूड, तीसएक प्रकरणांची. मुलाने आपला जुना मोबाइल दिला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षे, ती अशी वाचत होती. मला पत्ता नव्हता. "सांगितले का नाहीस?" असे विचारल्यावर तिने शांतपणे उत्तर दिले, "तुम्हीच सांगत फिरता ना, मोबाइल म्हणजे वाचनाचा शत्रू म्हणून!"

"आणि मी वाचनालयातून आणतो ती पुस्तके?"

"ती आठ दिवस ठेवते आणि तुमच्या पिशवीत परत घालते. अहो, तो बारीक टाइप मला दिसतच नाही आता."

वाचकहो, त्या रात्री मला नंतर झोप लागली नाही. दर आठवड्याला मी तिच्यासाठी पुस्तक आणत होतो, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे नोंद होत होती आणि वार्षिक अहवालात ते पुस्तक 'वाचले गेले' म्हणून मोजले जात होते. जे ती वाचत नव्हती ते आमच्या हिशेबात जमा होते आणि जे खरोखर वाचत होती ते माझ्या भाषणात वजा होत होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, हेही मला असे पुस्तकांवरून कळले.

तेव्हापासून एक नाद लागला. गावात, गाडीत, बाजारात माणसांना विचारायचे, तुम्ही वाचता का? याला संशोधन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; ही आपली विचारपूस. पण पहिल्याच महिन्यात ध्यानात आले की माझा प्रश्नच चुकत होता.

आमच्या गल्लीत एक बाई ब्लाउज शिवतात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "मी काई वाचत-बिचत नाई भाऊजी. दिवसभर मशीन, रातच्याले भाकरी." विषय संपला असे वाटले. पण मशीनजवळ मोबाइल उभा करून ठेवलेला दिसला म्हणून विचारले, यावर काय चालते? बाईंचा चेहरा उजळला. "कथा हाये नं! रोज एक भाग येते. काल त्या पोरीनं नवऱ्याचं घर सोडलं, आता आज पाहाचं काय होते तं." 'प्रतिलिपी' नावाच्या ॲपवरची ती मालिका होती. ही कंपनी २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत हौशी लेखक तेथे रोज लिहीत असतात. बाई दिवसाकाठी सहज पंधरा-वीस पाने वाचत होत्या. पण त्यांच्या लेखी ते 'वाचन' नव्हते. वाचन म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक म्हणजे शाळा.

दुसरे गृहस्थ पोपटखेडकडचे शेतकरी. नरनाळ्याच्या पायथ्याशी रानडुकरांचा उच्छाद असतो, म्हणून पीक उभे असेपर्यंत रात्री जागलीला जावे लागते. त्यांनीही आधी हात झटकले, "पुस्तकाले येळ कुठी हाये जी सर?" मग जागलीला रात्र कशी काढता, असे विचारल्यावर म्हणाले, "गोठ वाचतो नं मोबाइलवर. वावरात रेंज नाई, म्हून अकोटात बाजाराले आलो का डाउनलोड करून ठेवतो." माचाणावर बसून, उजेड अगदी कमी करून, हा माणूस रहस्यकथा वाचतो. मध्येच उठून डबा वाजवतो, हाळी देतो आणि पुन्हा गोष्टीत शिरतो.

तिसरे भेटले अकोला गाडीत. आमची जुनी मीटरगेज गाडी २०१७ मध्ये बंद झाली आणि रुंद रुळांवरची २०२२ मध्ये सुरू झाली. मधली वर्षे एस.टी.च्या धक्क्यांत गेली. त्यात वाचन कसले! तर या गाडीत एक बँक कर्मचारी किंडल घेऊन बसलेले होते. त्यांना विचारताच ते ताबडतोब 'हो' म्हणाले. त्यांच्या हातातले यंत्र पुस्तकासारखे दिसते, म्हणून त्यांना आपण वाचक आहोत असे वाटते. शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांच्यापेक्षा कमी वाचत नसतील. पण त्यांना तसे वाटत नाही.

गंमत अशी की मोठमोठ्या संशोधकांपुढेही हाच पेच आहे. हातात मोबाइल घेतलेला माणूस कादंबरी वाचतो आहे, हिशेब करतो आहे की नाचगाण्याच्या चित्रफिती पाहतो आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. युनेस्कोने २०१४ मध्ये 'मोबाइलच्या युगातील वाचन' या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, केनिया, नायजेरिया आणि झिम्बाब्वे या सात देशांत, मोबाइलवर पुस्तके वाचणाऱ्या चार हजारांहून अधिक लोकांना त्यासाठी प्रश्न विचारले होते. ६२ टक्के लोक म्हणाले, मोबाइलवर वाचता येऊ लागल्यापासून वाचनाची गोडी वाढली. मोबाइलवर वाचणाऱ्यांत पुरुषांची संख्या बरीच जास्त निघाली, पण वेळ मोजला तेव्हा चित्र उलटले. बायका महिन्याला सरासरी २०७ मिनिटे वाचत होत्या, पुरुष ३३. हा आकडा वाचला आणि मला आमच्या घरातली निळसर उजेडाची रात्र आठवली.

मग पडद्यावरचे वाचन खरे वाचन आहे का? याचेही उत्तर शोधणारे आहेत. स्पेन व इस्राएलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत वाचक होते १ लाख ७० हजारांहून अधिक. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, असे त्यांना आढळले. पण निव्वळ गोष्टींच्या बाबतीत कागद आणि पडदा यांत फरक दिसला नाही. नॉर्वेतील ॲन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली; निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. कथा दोघांनाही सारखीच कळली. फक्त कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे छापील वाचणाऱ्यांना अधिक नीट सांगता आले. डाव्या हातातली पाने वाढत जातात, उजव्या हातातली कमी होतात, आणि आपण कथेत कुठवर आलो हे बोटांना कळते. त्याचा हा परिणाम असावा, असे त्यांना वाटते.

मी हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, "एवढ्यासाठी नॉर्वेला कशाला जायचे? मला विचारायचे. मागे काय झाले ते शोधायला गेले की सापडतच नाही. पुस्तकात कसे, डाव्या पानावर खाली, असे आठवते."

पण तिच्या पारड्यात दुसरी वस्तू जड होती. अक्षर मोठे करता येते! आता तेही सगळीकडे होत नाही. पीडीएफ असली तर अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने इकडेतिकडे ओढत बसावे लागते. ई-पुस्तकाच्या ॲपमध्ये मात्र अक्षर वाढले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. साठी ओलांडलेल्या माणसाला ही सोय म्हणजे नवे डोळेच. पुढे अकोल्याला तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, दृष्टी सुधारली. तरी अक्षर तिने मोठेच ठेवले आहे. रात्रीचे वाचन मात्र कमी केले. झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे उशीर होतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले होते. प्रयोगात माणसे अवघी बारा होती. पण सौभाग्यवतींनी तेरावा पुरावा दिला.

मराठीला हे दिवस सहजासहजी आलेले नाहीत. नव्वदच्या दशकात एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की चौकोन आणि फुल्या दिसत. युनिकोड रुळले तेव्हा कुठे अक्षर सगळीकडे अक्षर म्हणून दिसू लागले. मग 'ई साहित्य प्रतिष्ठान'ने मोफत ई-पुस्तके घरोघरी पोचवली, 'बुकगंगा'ने विकत द्यायला सुरुवात केली, २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट गल्लीपर्यंत स्वस्त झाले. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. आमच्या वाचनालयातल्या त्या अंकांना केव्हाच वाळवी लागली.

म्हणजे सारे आलबेल आहे का? नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फुकट पुस्तकांपैकी कितीतरी सरळसरळ चोरीची असतात. ज्याने लिहिले त्याला एक पैसा मिळत नाही. विकत घेतलेले ई-पुस्तकही पुरते आपले नसते. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. नंतर कंपनीने माफी मागितली. आपल्या कपाटातले पुस्तक असे रातोरात कोणी नेत नाही. आणि बायकोच्या मोबाइलमधली पुस्तके सुनेला कपाट आवरताना कधी सापडणार नाहीत, पहिल्या पानावरची तारीख आणि सही दिसणार नाही.

मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. मूल वाचायला शिकते ते घरातल्या मोठ्यांना वाचताना पाहून. आजोबा पुस्तक घेऊन बसले की त्याला दिसते, आजोबा वाचताहेत. आजी मोबाइल घेऊन बसली तर त्याला दिसते ते एवढेच की आजीलाही मोबाइल आवडतो! मग ते आपल्यापरीने आजीचे अनुकरण करते. २०२३ मध्ये व्हॅलेन्सिया विद्यापीठातील संशोधकांनी २५ अभ्यासांची छाननी केली. पडद्यावरच्या फावल्या वेळच्या वाचनाने एकंदरीत समज फारशी वाढत नाही आणि लहान मुलांच्या बाबतीत तर नाते उलटे आहे, असे त्यांना दिसले. अर्थात त्यात निरोप, गप्पा, तुकडे-तुकडे हेही वाचनच धरले होते. पण काळजी खरी आहे.

यावर उपाय मला आमच्याच वऱ्हाडात दिसतो. श्रावणात घरोघरी पोथी लागायची. एक जण वाचायचा, आळी ऐकायची. कोण काय वाचते हे विचारावे लागत नव्हते. ऐकूच येत होते. एकट्याने, मुकाट्याने वाचणे ही छापील पुस्तकाने लावलेली सवय आहे, मोबाइलने ती पांघरुणात नेली इतकेच. ती पुन्हा ओट्यावर आणणे आपल्या हाती आहे. युनेस्कोच्या त्या पाहणीतही तिघांतला एक जण मोबाइलवरून मुलांना गोष्टी वाचून दाखवत होता.

आम्ही वाचनालयात एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी बसायचे आणि आपण काय वाचले ते सांगायचे. कागदावर की काचेवर, हे कोणी विचारायचे नाही. पहिल्या दिवशी आठ-नऊ माणसे होती. शिवणकामवाल्या बाई आल्या, दारातच म्हणाल्या, "मले काई येत नाई हं!" आणि मग अर्धा तास बोलल्या. त्या मालिकेतल्या पोरीने नवऱ्याचे घर का सोडले, यावर दोन निवृत्त मुख्याध्यापकांत चांगली जुंपली.

भाषणे मी अजूनही करतो. टाळ्यांचे ते वाक्य मात्र काढून टाकले आहे. त्याऐवजी मुलांना एक घरचा अभ्यास देतो. घरी जा आणि आई-आजीला विचारा. पण 'तू वाचतेस का?' असे विचारू नका. विचारा, 'मोबाइलवर तू कुठली गोष्ट वाचतेस?'

आमच्या घरीही एक बदल झाला आहे. दुपारी चहाच्या वेळी बायको चष्मा सारखा करून मोबाइल उघडते. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि जो प्रश्न इतक्या वर्षांत, दर आठवड्याला पुस्तक आणून देऊनही, एकदाही विचारला नव्हता तो विचारतो, "बरं, मग पुढे काय झाले?"